दुसरी चंद्रभागा

आमच्या दिंडीतले एक बुवा दरवर्षी वाळवंटात बसले की म्हणायचे, "ही आपली भीमाच. चंद्रकोरीसारखी वळली म्हणून चंद्रभागा झाली. खरी चंद्रा आणि खरी भागा तिकडे हिमालयात." यंदा आषाढी करून घरी आलो, पायांचे फोड वाळले, आणि श्रावणात मी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, केलांगच्या बाजारात उभा होतो. गळ्यात माळ होती आणि पायांत वारीतलेच बूट.

मनालीहून आलं की ९ किलोमीटरचा अटल बोगदा लागतो. २०२० पर्यंत इथे यायला रोहतांगची खिंड ओलांडावी लागे आणि हिवाळ्यात तीही बंद. आता बोगद्यातून बाहेर पडलो की थेट चंद्रेच्या काठावर. माझा बेत साधा होता. केलांगहून भागेपर्यंत उतरायचं, पलीकडे कारदंगच्या मठात चढायचं आणि तिथून पायीच तांदीच्या संगमावर जायचं.

राहत होतो त्या घरच्या आजींनी हिंदीत बजावलं, "हळू जा. इथे घाई केली की डोकं धरतं." मी मनात हसलो. दिवे घाट विणेकऱ्याच्या मागे न थांबता चढलेला माणूस मी! पण केलांगच तीन हजार मीटरवर आणि मठ त्याहून चारशे मीटर वर. पूल ओलांडून चढ लागला आणि दहा पावलांतच अभंग बंद पडला. गायला दम उरेना. मग मनात एकेक चरण म्हणायचा, थांबायचं, पुन्हा चालायचं. टाळ नाहीत, मृदंग नाही, मागून ढकलणारी गर्दी नाही. खाली भागेचा घों घों आवाज आणि शेतांच्या कडेने कुल्हांचं पाणी. कुल्ह म्हणजे वितळत्या बर्फाचं पाणी शेतात आणणारा पाट.

वाटेत मणींची भिंत लागली. कमरेइतकी उंच, सपाट दगडांची, एकेका दगडावर 'ओं मणि पद्मे हुं' कोरलेलं. काही अक्षरं ताजी, पांढरी. काहींवर नारिंगी शेवाळ चढलेलं. मी दगड बघत बघत डाव्या हाताला भिंत ठेवून पुढे गेलो. समोरून एक म्हातारे गृहस्थ जपमाळ ओढत येत होते. त्यांनी काही न बोलता बोटाने हवेत गोल काढला, घड्याळाच्या काट्यासारखा. भिंत उजव्या हाताला हवी होती. तीस-चाळीस पावलं मागे गेलो आणि दुसऱ्या बाजूने आलो. प्रदक्षिणा उजवी घालायची हे लहानपणापासून माहीत असलेला माणूस इथे चुकला. दगडांच्या भिंतीलाही प्रदक्षिणा असते हे डोक्यात आलं नाही, एवढंच.

कारदंगचा मठ तिबेटी बौद्धांच्या द्रुक्पा परंपरेतला, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा म्हणतात. तो पडझडीला आला होता. लामा नोर्बूंनी १९१२ साली पुन्हा उभा केला. मी गेलो तेव्हा जवळजवळ रिकामा. इथले बरेच लामा उन्हाळ्यात घरच्या शेतात राबतात आणि हिवाळ्यात मठात परततात. पेरणी उरकून वारीला निघणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना हे वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही. अंगणात एक वृद्ध भिक्षुणी मटार सोलत होत्या. मी सवयीने "माउली" म्हणून वाकलो. त्यांना शब्द कळला नसेल, पण त्यांनी ओंजळभर दाणे माझ्या हातावर ठेवले. इतके गोड मटार मी खाल्लेले नाहीत. आत तुपाचे दिवे, भिंतींवर काळवंडत गेलेली चित्रं आणि धूर. मग खारट लोण्याचा चहा आला. चहा समजून प्यालात तर फसाल. पातळ सूप समजून प्या.

तांदीपर्यंतचा मोटाररस्ता लांबलचक आणि धुळीचा. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

लाहौलची गोष्ट अशी की चंद्रा ही चंद्राची मुलगी आणि भागा हा सूर्याचा मुलगा. बारालाचा खिंडीवरून दोघं विरुद्ध दिशांना निघाले, डोंगराला वळसा घालून भेटायचं ठरवून. चंद्रा आधी पोहोचली, भागा घळींत अडखळत मागून आला आणि तांदीला त्यांचं लग्न लागलं. म्हणजे आपण जिला बाई म्हणतो, तिच्या नावातला अर्धा भाग इथे बाप्या आहे!

संगमावर दोन्ही प्रवाह राखाडी, गढूळ आणि भलते वेगवान. इथली हिंदू आणि बौद्ध माणसं अस्थी इथेच सोडतात. पुढे हेच पाणी चिनाब होतं. पुंडलिकाच्या देवळाजवळ गुडघाभर पाण्यात उभं राहायची सवय. इथे काठचा दगड धरून पाय बुडवले.

संध्याकाळी सौ.चा फोन आला. "चंद्रभागेत स्नान झालं का?"

"पाय बुडवले."

"फक्त पाय?"

"दहा मोजेपर्यंत. सातला बाहेर काढले."

माळ मात्र भिजवून आणली होती. उशाशी वाळत ठेवली, तर मण्यामण्यांत बारीक चमकती वाळू अडकलेली. ती अजून निघालेली नाही.