पाच प्रश्नचिन्हं, स्पेस, मग सात

एका वकीलसाहेबांच्या ऑफिसचं टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासायचं, काम मी ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये बसवून दिलं होतं. गाव निवडायचं, फेरफार नंबर टाकायचा, बटण दाबलं की गाव नमुना 6 च्या, म्हणजे फेरफार रजिस्टरच्या, स्कॅनचं नेमकं ते पान समोर यायला पाहिजे, एवढीच मागणी. ॲक्सेसच्या फॉलोहायपरलिंक कमांडने फाइल उघडते पण सुमात्रा पीडीएफला (पीडीएफ दाखवणारा हलका प्रोग्रॅम) पान नंबर देता येत नाही, म्हणून मी व्हीबीएच्या, म्हणजे ॲक्सेसमधल्या कोडच्या भाषेच्या, शेल फंक्शनने सरळ सुमात्राच चालू करायचो, त्याला फाइलच्या नावाआधी -पेज 112 दिलं की तिथेच उघडतो आणि -रीयूज-इन्स्टन्स दिलं की दर क्लिकला नवी विंडो येत नाही. अडोबी रीडरलाही जमतं हे, स्लॅश ए आणि पुढे कोटात पेज=112, पण त्यांच्या जुन्या मशिनवर तो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

सुरुवातीचे दोन झटके नेहमीचेच. शेलला विंडो स्टाइल दिली नाही तर प्रोग्रॅम मिनिमाइज होऊन उघडतो, मला वाटत होतं उघडतच नाहीये. आणि फाइलच्या पाथमध्ये (पत्त्यात) स्पेस असेल तर भोवती डबल कोट लागतात, ते व्हीबीएमध्ये लिहायचे म्हणजे """" असे चार ओळीने, डोळे फिरतात. हे सगळं घरी करून, स्कॅन_001 वगैरे नावांच्या फाइलींवर चालवून बघून मी खुशीत तिकडे गेलो.

तिकडे गेलो तर तिथल्या काकांनी मधल्या आठवड्यात सगळ्या फाइलींची नावं मराठीत करून टाकलेली आणि टेबलमध्येही तीच भरलेली. रागावणार कसं, त्यांचं बरोबरच होतं. इंग्रजीत एक जण व्ही लिहितो, दुसरा डब्ल्यू, बुद्रुकचं कोणी बीके करतो कोणी पूर्ण लिहितो, आणि वडगाव बुद्रुकच्या जागी वडगाव खुर्दचा फेरफार बघून रिपोर्ट गेला तर साहेबांची अब्रू जाते. "अहो, मराठीत नाव असलं की डोळे मिटून सापडतं," काका म्हणाले.

बटण दाबलं. सुमात्रा उघडला, मधोमध मेसेज, फाइल लोड होत नाही. साहेब मागे उभे.

मी कोडमध्ये आधीच तपासणी घातली होती, डिर फंक्शनने फाइल आहे का बघायचं, नसेल तर आपलाच मेसेज दाखवायचा. ती तपासणी पास होत होती! म्हणजे कोड म्हणतो फाइल आहे आणि सुमात्रा म्हणतो नाही. व्हीबीएच्या इमिजिएट विंडोत, जिथे कोडमधलं काहीही छापून बघता येतं, पाथ प्रिंट केला तर फाइलच्या नावाच्या जागी ????? ???????, पण त्याकडे मी लक्षच दिलं नाही, कारण व्हीबीएच्या एडिटरमध्ये मराठी कायमच असं दिसतं, दहा वर्षं बघतोय, आत डेटा नीट असतो फक्त दाखवता येत नाही. म्हणून मी तासभर कोटच मोजत बसलो, स्पेस, स्लॅश, सुमात्राचं व्हर्जन, नेटवर्क ड्राइव्हची परमिशन. साहेब कोर्टात निघून गेले.

मग सुमात्राच्या त्या मेसेजकडे पुन्हा नीट बघितलं. त्यातही प्रश्नचिन्हंच होती. पाच, स्पेस, मग सात. सुमात्रा तर मराठी व्यवस्थित दाखवतो, काकांनी फाइलवर डबल क्लिक केलं की वर नाव झक्क येतं. बोटांवर मोजलं, व ड ग काना व झाले पाच, आणि बुद्रुकमध्ये ब, उकार, द, हलंत, र, उकार, क, बरोबर सात. म्हणजे माझ्या शेलनेच त्याला खरोखरची प्रश्नचिन्हं पाठवली होती. व्हीबीएचं शेल मजकूर जुन्या एएनएसआय कोडपेजमध्ये (मोजक्याच अक्षरांचा तक्ता) बदलून पाठवतं, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी असं कोडपेजच नाही, मग एकेका चिन्हाचं एकेक प्रश्नचिन्ह होतं.

पण मग डिर का हो म्हणत होतं? डिरचंही तेच होतं, आणि डिरला ? म्हणजे वाइल्डकार्ड, कुठलंही एक अक्षर चालेल! खात्री करायला मूळ फाइल दुसरीकडे हलवली, तिच्या जागी पाच ए, स्पेस, सात बी अशा नावाची रिकामी पीडीएफ ठेवली, डिरने तीच आणून दिली. माझी तपासणी इतके दिवस फक्त अक्षरं मोजत होती.

दुरुस्ती मात्र दहा मिनिटांची निघाली. डिर काढून फाइलसिस्टिमऑब्जेक्टचं फाइलएक्झिस्ट्स घातलं, शेलच्या जागी डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट शेलचं रन, ही दोन्ही युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं, नीट धरतात. कमांडची ओळ तीच, ते चार-चार कोटसुद्धा तसेच.

साहेब यायच्या आत काकांना बसवलं. त्यांनी वडगाव बुद्रुक निवडलं, नंबर टाकला, बटण दाबलं, पान आलं. मी खुर्ची मागे घेतली तर काका चष्मा वर करून म्हणाले, "पण साहेब, हे पान 106 आहे, टेबलमध्ये मी 112 टाकलंय." सुरुवातीची सहा पानं कव्हर आणि अनुक्रमणिकेची, ती पीडीएफच्या मोजणीत येतात, रजिस्टरच्या नाही.

टेबलमध्ये अजून एक कॉलम वाढवला, दर गावाला सुरुवातीची अशी किती पानं ते भरायला. काका ते भरत बसले, मी चहा सांगितला.