दुसरं श्रीरामपूर

आईला फोनवर सांगितलं, उद्या श्रीरामपूरला चाललेय. ती म्हणाली, "मग येताना शिर्डी करून ये."

तिचं काही चुकलं नाही. मराठी माणसाचं श्रीरामपूर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, उसाचं. मी निघाले होते ते हुगळीच्या काठावरच्या श्रीरामपूरला. इंग्रजांनी त्याचं 'सेरामपोर' केलं. त्याच्याही आधी, १७५५ पासून, ते डेन्मार्कचं ठाणं होतं आणि कागदोपत्री त्यांच्या राजाच्या नावाने फ्रेडरिक्सनगर म्हणवलं जायचं. तिथले लोक मात्र तेव्हाही आणि आताही श्रीरामपूरच म्हणतात.

तिथे जायचं खूळ डोक्यात शिरलं ते मोडी लिपीच्या वर्गात. शिकवताना सर सहज बोलून गेले, की मराठी-इंग्रजीचा पहिला म्हणून ओळखला जाणारा छापील शब्दकोश १८१० साली निघाला, त्यातले मराठी शब्द मोडीत छापले होते आणि तो छापला गेला बंगालमध्ये. पुणं नाही, मुंबई नाही, बंगाल! कोलकात्यात नोकरी करणारा भाचा हक्काचा होताच. तो म्हणाला, "मावशी, लोक इकडे मिष्टी दोई खायला येतात. तू शब्दकोश बघायला येतेस." पण रविवारची झोप मोडून सोमवारी रजा टाकून सोबत आला, हेही खरं.

हावड्याहून लोकल पकडली. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपारा, हिंद मोटर, कोन्नगर, रिशरा... स्टेशनं मोजत बसले होते, तरी गप्पांच्या नादात श्रीरामपूर निसटलंच. पुढच्या शेवडाफुलीला उतरून उलट्या गाडीने परत. भाचा काही बोलला नाही, फक्त मोबाइलकडे बघत हसत राहिला. या मार्गावर १८५४ च्या १५ ऑगस्टला पूर्व भारतातली पहिली रेल्वे धावली होती. एवढ्या जुन्या वाटेवर चुकले हेही नसे थोडके.

स्टेशनबाहेर टोटो मिळतो. बॅटरीवर चालणारी ही रिक्षा बंगालभर दिसते. गल्ल्या, मिठाईची दुकानं, साड्यांचे ढीग, सायकलींची गर्दी असं करत टोटो नदीकाठच्या रस्त्याला लागला, आणि एका वळणावर एकदम ते खांब दिसले. सहा जाडजूड खांब, वरती ग्रीक पद्धतीचा त्रिकोणी माथा, समोर हिरवळ आणि रस्त्यापलीकडे संथ हुगळी. दोनशे वर्षांपूर्वी होडीतून येणाऱ्याला हे कसं दिसत असेल असा विचार मनात आला, कारण इमारतीचं तोंडच नदीकडे आहे. हेच श्रीरामपूर कॉलेज.

आत शिरल्यावर मात्र ग्रीस वगैरे विरून जातं. व्हरांड्यात पोरं उभी, कुणाच्या हातात चहाचं भांडं, सूचना फलकावर परीक्षेच्या फॉर्मची तारीख. कला, विज्ञान, वाणिज्य हे सगळं कोलकाता विद्यापीठाखाली चालतं. त्याच आवारात ईश्वरविज्ञानाचा विभागही आहे, म्हणजे पाळक होऊ घातलेले विद्यार्थी. त्यांची पदवी कोलकाता विद्यापीठाची नसते. ती श्रीरामपूरचीच. एकाच फाटकातून येणाऱ्या दोन मुलांना दोन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळतात, आणि त्यातलं एक विद्यापीठ हे कॉलेज स्वतःच आहे! ही काय भानगड आहे ते समजून घ्यायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

विल्यम केरी मूळचा इंग्लंडमधला चांभार. १७९३ साली तो बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. व्यापारात धर्माची ब्याद कशाला, असा सरळ हिशेब. म्हणून १७९९ साली जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड आले ते डॅनिश श्रीरामपुरात उतरले, आणि १८०० च्या जानेवारीत केरीही त्यांना येऊन मिळाला. इंग्रजांपासून वाचायला इंग्रज डॅनिश झेंड्याखाली! मार्शमन पतिपत्नी शाळा चालवत, वॉर्ड छापखाना बघे, आणि केरीला लवकरच कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण साहेबांना बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी शिकवायची नोकरी लागली. ज्या कंपनीने थारा दिला नाही तिचाच पगार. तो पगार, शाळेचं उत्पन्न आणि छापखान्याची कमाई तिघं एका थैलीत टाकत, आणि कॉलेजचा मोठा खर्च त्या थैलीतून झाला.

कॉलेजचं माहितीपत्रक १८१८ च्या जुलैत निघालं. पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान, दोन्ही शिकवायचं, ख्रिस्ती मुलांना 'आणि इतरांना'. सुरुवातीच्या ३७ विद्यार्थ्यांत १९ ख्रिस्ती होते, बाकीचे हिंदू. पुढे १८३३ च्या नियमावलीत लिहून ठेवलं, की प्रवेशाच्या आड जात, वर्ण किंवा देश येणार नाही. (स्त्रिया त्या 'इतरां'त नव्हत्या. आज व्हरांड्यात मुलीच जास्त दिसल्या, म्हणून आठवलं.) धर्मांतराचा हेतू होता का? होताच, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो त्यांचा शिकवायच्या भाषेविषयीचा आग्रह. विज्ञान शिकवायचं तर मुलाच्या भाषेत, पाठीशी संस्कृत ठेवून, आणि इंग्रजी मोजक्यांना. जॉन मॅक नावाचा स्कॉटिश शिक्षक इथे रसायनशास्त्र शिकवायचा. त्याचं 'किमिया विद्यार सार' हे पुस्तक १८३४ साली निघालं. शाळेत आपण 'उत्प्रेरक' आणि 'क्षपण' घोकत होतो, त्याच्या कितीतरी आधी इथे कुणीतरी बंगालीत तसल्या शब्दांशी झटापट केली होती.

आता त्या पदवीची भानगड. मार्शमन युरोपात गेला असताना कोपनहेगनला राजाला भेटला आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजी सहाव्या फ्रेडरिकने कॉलेजला सनद दिली. कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांना जो पदव्या द्यायचा अधिकार, तोच हुगळीकाठच्या या कॉलेजला. मुंबई, कोलकाता, मद्रास ही विद्यापीठं निघाली १८५७ साली, म्हणजे ३० वर्षांनी. एवढा मोठा अधिकार हातात आला आणि यांनी केलं काय, तर कागद जपून ठेवला.

वापरायला बळच उरलं नव्हतं. वॉर्ड १८२३ मध्येच पटकीने गेला होता. १८३० नंतर कोलकात्यातल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि त्यात यांचेही पैसे गेले. केरी १८३४ साली वारला, मार्शमन १८३७ साली. १८४५ मध्ये डेन्मार्कने गावच इंग्रजांना विकून टाकलं, पण कॉलेजचे हक्क कायम राहतील असं विक्रीच्या करारात कलम घालून घेतलं. कुणा डॅनिश कारकुनाचे आभार मानावेत तेवढे थोडे. नंतर कॉलेज कोलकाता विद्यापीठाला जोडलं गेलं, १८८३ साली पदवीचे वर्ग बंदच पडले आणि नुसतं धर्मशिक्षणाचं केंद्र तेवढं उरलं. मग १९१० च्या सुमारास जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्याने ती सनद धूळ झटकून बाहेर काढली. सनदेच्या आधारे पहिल्या पदव्या दिल्या गेल्या १९१५ साली. १८२७ ते १९१५, म्हणजे ८८ वर्षं! १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने कायदा करून तिच्यावर शिक्का मारला. आज देशभरातली ईश्वरविज्ञानाची अनेक विद्यालयं याच श्रीरामपूरच्या सिनेटशी जोडलेली आहेत. पुण्यात शिकलेल्या एखाद्या पाळकाच्या घरी भिंतीवर पदवी दिसली तर खालचं नाव जरूर वाचा.

केरी ग्रंथालयात आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. भाच्याने आधीच पत्र पाठवून परवानगी काढून ठेवली होती, म्हणून काम सोपं गेलं. काचेच्या कपाटांत बायबलची भाषांतरं ओळीने उभी, कितीतरी भाषांतली. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली, कागद, हस्तलिखितं, खिळे (छपाईची धातूची अक्षरं) सगळं वितळलं-जळलं. पण राखेत अक्षरांचे ठसे सापडले आणि काही आठवड्यांत नवे खिळे ओतून छपाई पुन्हा चालू झाली. ते ठसे कोरण्याचं कसब पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांचं. केरीचं नाव रस्त्याला आहे. या दोघांचं मला तरी कुठल्या पाटीवर दिसलं नाही, कदाचित मीच नीट बघितलं नसेल.

ग्रंथालयातल्या दादांनी केरीचा तो १८१० चा शब्दकोश आणला, मऊ कापडावर ठेवला आणि स्वतःच पान उलटून दाखवलं. मग मला म्हणाले, "वाचा."

आणि मला येईना.

मोडीचे दोन वर्ग केलेली मी, घरात पेशवेकालीन पत्रांच्या झेरॉक्सा वाचणारी. पण मी शिकले ती हाताची मोडी. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि खाली लेखणी न उचलता अक्षरं लोंबवत जायचं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. इथे प्रत्येक अक्षर वेगळं ओतलेलं. धावणाऱ्या माणसाला प्रत्येक पावलावर थांबवून फोटो काढावा तसं. ओळखीची वळणं तुटून पडलेली. मिनिटभर नुसती बघत राहिले, भाचा खोकला. मग एकाएकी 'क' दिसला, त्याला लागून 'प', आणि शब्द उलगडला.

"कपाळ," मी म्हटलं.

"कोपाल!" दादा हसले आणि त्यांनी बोटाने स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. बंगालीतही तोच शब्द आणि नशिबाला दोष द्यायची पद्धतही तीच. त्यानंतर आमची गाडी सुटली. मी एकेक शब्द वाचायची आणि दादा त्याचा बंगाली भाऊबंद सांगायचे. मराठी शिकवायला केरीच्या सोबत पंडित वैजनाथ शर्मा होते. 'सिंहासन बत्तिशी'चं मराठी रूप त्यांनी केलं, तेही इथेच १८१४ साली मोडीत छापलं गेलं. हा सगळा खटाटोप अर्थात कंपनीच्या साहेबांना मराठी दरबारांची पत्रं वाचता यावीत म्हणून होता. केरीचं मराठी व्याकरण निघालं १८०५ साली, दुसरं इंग्रज-मराठा युद्ध संपलं त्याच वर्षी. हे कळल्यावर पानांकडे नुसत्या कौतुकाने बघवत नाही.

मोडीचा तो डावही पुढे फसलाच. १८३१ चा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आला आणि छपाईत तीच लिपी टिकली. भाषेचा डावही तसाच गेला. १८३० साली अलेक्झांडर डफ या स्कॉटिश मिशनऱ्याने कोलकात्यात इंग्रजीतून शिकवणारी शाळा काढली, १८३५ मध्ये सरकारनेही इंग्रजीच्या पारड्यात वजन टाकलं, आणि श्रीरामपूरच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं मागे पडलं.

बाहेर पडताना भाच्याने केरीच्या बागेबद्दल विचारलं. वनस्पतिशास्त्राचा केरीला जबर नाद होता आणि त्याने इथे मोठी बाग केली होती. आपल्या सह्याद्रीत कुंभ्याचं झाड असतं ना, उन्हाळ्यात पहाटे ज्याच्या पुंकेसरांचा सडा पडतो, त्याचं शास्त्रीय नाव 'केरिया आर्बोरिया', ते याच केरीच्या नावावरून. "म्हणजे तू ट्रेकला ज्याच्याखाली डबा खाल्लास तोच," मी म्हटलं. डबा त्याला चांगला आठवत होता, झाड नाही.

परत जाताना लोकल नको म्हटलं. युगल आढ्य घाटावरून पलीकडे बराकपूरला फेरी जाते. बाकावर आमच्या शेजारी कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या, मांडीवर प्रॅक्टिकलची वही. वही इंग्रजीत, वाद बंगालीत. टायट्रेशनमध्ये शेवटी नेमका कुठला रंग आला यावर जुंपली होती. एक सारखी म्हणत होती, "हालका गोलापी, एकदम हालका." दुसरीने मान डोलावली, पेनाचं टोपण दातांनी काढलं, आणि वहीत 'पेल पिंक' असं लिहिलं.