तुम्ही विचारलंत म्हणून: आदिम आहारात भाकरी चालते का?

प्रश्न बहुधा असा असतो: ‘कारखान्यातून न आलेलं, आदिमानवासारखं खायचंय, नोकरी सांभाळून जमेल का, आणि धान्य सोडावं लागेल का?’ परदेशी आदिम आहारात धान्य आणि डाळी दोन्ही वर्ज्य. तापीखोऱ्यात ज्वारी वगळून रोज पोट भरणं खिशाला झेपणार नाही, आणि आमच्या मते गरजही नाही. कोंडा न काढता दळलेला दाणा हेही अख्खं अन्नच. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी त्यातलीच.

तिच्यासाठी दोघांना आठवडाभर दादर जातीची ज्वारी 2 किलो, सालीसकट काळे उडीद अर्धा किलो, जाडं मीठ 40 ग्रॅम. सगळं एकत्र दळायचं. उडदाची डाळ घातली तरी भाकरी होते, पण मग साल गेली.

एका वेळी एवढंच दळा. दळल्यावर अंकुरातलं तेल हवेला लागतं आणि पीठ खवट होतं; बाजरीचं तर लवकरच कडू लागतं. चक्कीवरून आलेलं पीठ परातीत निवू द्या. गरमच डब्यात भरलं तर वाफ धरून गुठळ्या होतात. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की थापताना कडा फुटतात. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं, त्यामुळे जुन्या पिठाला कोमट पाणी पुरत नाही, उकळतं लागतं.

भाकरी तव्यावर टाकली की लगेच वरून पाण्याचा हात फिरवा आणि ओल असतानाच उलटा. पाणी वाळलं तर पापुद्र्याला चिरा जातात, वाफ निसटते, भाकरी फुगत नाही.

ऑफिसच्या डब्यात गरम भाकरी कोंडली तर तिला घाम सुटतो. सुती फडक्यात गुंडाळा. ठेच्यात मिरची, लसूण, दाणे भाजूनच घ्या, पाण्याचा थेंब नको. थंडीत भरीत आहेच. गॅसवर भाजणार असाल तर वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर ते फुटतं.

‘कच्चं खाऊ’ म्हणणारे हल्ली सगळ्यालाच मोड आणतात. मूग, मटकी खुशाल. ज्वारीला मात्र नको: तिच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचं द्रव्य असतं आणि ते चावल्यावर सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती यामुळेच.