शेवळं, टाकळा, फोडशी: निवडण्यातच निम्मी भाजी

मे सरता सरता वळवाच्या दोन सरी पडल्या की ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास आणि स्टेशनकडच्या रस्त्यांवर येऊरच्या पाड्यांवरच्या, शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी मावश्या शेवळांच्या, म्हणजे एका रानसुरणाच्या मिटलेल्या फुलकोंबांच्या, जुड्या मांडून बसतात. तेलमसाला सगळ्यांच्या घरी सारखाच असतो, पण रानभाजी बिघडते ती बहुतेक वेळा निवडताना. काय ठेवायचं, काय फेकायचं आणि का, एवढं कळलं की पुढचं काम सोपं आहे.

शेवळं घेताना मिटलेली, टोकदार, कडक बघून घ्या. पान सुटून आतला दांडा डोकावायला लागला असेल तर ती जुडी सोडा. शेवळ उमललं की त्याला घाण वास सुटतो. आणि काकडं घेतल्याशिवाय तिथून उठू नका. काकडं म्हणजे काकड झाडाची हिरवी, बोराएवढी आंबट फळं. मावशी बहुधा सोबतच देतात, नाही दिली तर मागून घ्या.

शेवळ सुरणाच्या कुळातलं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते जिभेला-घशाला टोचतात आणि खाज सुटते. नुसतं उकळून हे स्फटिक पुरते जात नाहीत. म्हणून आंबट घालायचं, उकळलेलं पाणी फेकायचं आणि मग तेलात भरपूर परतायचं. यातली एकही पायरी गाळू नये.

दोन जुड्यांसाठी बेत असा. आधी हातांना तेल चोळा. बाहेरची पानं सोलून टाका. आत दांडा दिसेल: वर जांभळट, मऊ, सच्छिद्र भाग आणि खाली पिवळसर दाणेदार पट्टा. हा पिवळा पट्टा सगळ्यात खाजरा, तो पूर्ण कापून टाका. काही घरांत कोवळा देठही घेतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याने तो सोडलेला बरा. उरलेला भाग बारीक चिरा. दहा-बारा काकडं ठेचून, बिया काढून वाटीभर पाण्यात कोळा. हे पाणी गाळून त्यात शेवळं बुडतील इतकं साधं पाणी मिसळा, दहा मिनिटं उकळा, निथळा आणि घट्ट पिळा. काकडं नसतील तर लिंबाएवढी चिंच घ्या.

कढईत चार मोठे चमचे तेल. इथे हात आखडू नये. दोन कांदे गुलाबी करा, मग आलं-लसणाचं वाटण, हळद, तिखट आणि पिळलेली शेवळं घालून मंद आचेवर कडा तपकिरी होईपर्यंत परता. भिजवून उकडलेली पाव वाटी चण्याची डाळ किंवा सोललेले वाल, दोन आमसुलं, मीठ, थोडा गूळ आणि वाटीभर पाणी घालून झाकण ठेवा. शेवटी ओलं खोबरं. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत यात कोळंबी किंवा खिमा पडतो, आणि ती चव खरोखर वेगळीच लागते.

वाढण्याआधी अर्धा चमचा स्वतः खा आणि पाच मिनिटं थांबा. घसा खवखवला तर आणखी दोन आमसुलं घालून पुन्हा शिजवा, पुन्हा चाखा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी टाळावी.

टाकळ्याला एवढा सोपस्कार लागत नाही. पाऊस लागून पंधरवडा झाला की तो सगळीकडे उगवतो. पानांच्या साधारण तीन जोड्या, टोकाकडे रुंद. फक्त कोवळे शेंडे घ्या. जून पान चरबट आणि कडू लागतं, शिवाय पोट ढिलं करतं. लसूण-मिरचीच्या फोडणीत दोन कांदे, त्यावर उकडून सोललेल्या फणसाच्या आठळ्या, मग चिरलेला टाकळा. मीठ सगळ्यात शेवटी: ढीगभर पाल्याची वाटीभर भाजी होते, आधी अंदाजाने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

फोडशी दिसते गवतासारखी, बुडाशी पांढरी. माती याच पांढऱ्या भागात अडकते. बुडाचा टोकाकडचा कडक तुकडा कापा, जुडी उभी चिरा आणि तीन पाण्यांतून काढा. वरवर धुतलेली फोडशी दाताखाली करकर वाजते. हिला पीठ पेरायचं: भाजीतलं पाणी पूर्ण आटल्यावर तीन चमचे बेसन भुरभुरवा, झाकून एक वाफ आणा, मगच हलवा. पाणी असताना पीठ घातलं की गोळे होतात.

भारंगी कडू. पानं मिठाच्या पाण्यात उकडून, पिळून, पाणी टाकून द्या. कांदा नेहमीच्या दुप्पट घ्या आणि भिजवलेली मूगडाळ घाला. कडवटपणा थोडा राहतोच, तो तिचा गुण आहे.

ओळख पक्की नसेल ती जुडी विकत घेऊ नका. येऊरला जाऊन स्वतः उपटूही नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि सारख्या दिसणाऱ्या पाल्यात फसायला वेळ लागत नाही. विकणारीला विचारा, "मावशी, ही तुम्ही घरी कशी करता?" ती कोणता भाग टाकायचा ते आधी सांगेल. ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे एकाच ठिकाणी बऱ्याच भाज्या नावानिशी बघायला मिळतात.

घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, टाकळा-फोडशी दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. शेवळं मात्र आणल्या दिवशीच करावीत.