गोदामात वाजलेला फोन

सरकारी अहवालाच्या परिशिष्टात अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या निवारागृहांची यादी होती, पत्ते आणि फोन नंबरांसकट. अहवाल ‘सीडॉ’ समितीपुढे जाणार होता. ‘सीडॉ’ म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, 1979 सालचा. तो मान्य केलेल्या देशाने साधारण दर चार वर्षांनी हिशेब द्यायचा असतो. सरकार आपली बाजू मांडतं, आमच्यासारख्या संस्था समांतर अहवाल देतात. माझ्याकडे सरकारी अहवालातली माहिती पडताळण्याचं काम होतं. म्हणजे दिवसभर फोन फिरवायचे.

एका नंबरवर एक गृहस्थ बोलले. “निवारागृह? अहो बाई, हे गोदाम आहे.” मी वहीत तारीख आणि वेळ टिपली, पुढचा नंबर लावला.

जिनिव्हात सोमवारी समिती संस्थांचं ऐकते. एका देशातल्या सगळ्या संस्थांना मिळून मोजकी मिनिटं. आमच्या गटाच्या वाट्याला दोन आली. आदल्या रात्री भाषण कापता कापता मी गोदामावरच काट मारली. कायदा, निधी, पोलीस एवढं सगळं सांगायचं असताना गोदाम कुठे बसवू? आमच्या गटातल्या ताईंनी ते वाक्य परत घातलं. “कायद्यात त्रुटी आहेत म्हणालीस तर ते कायद्याची प्रत पुढे करतील. गोदामाचं काय पुढे करणार?”

बैठक संपल्यावर समितीच्या एक सदस्य आमच्याकडे आल्या. समितीत 23 तज्ज्ञ असतात. स्वतःच्या देशाच्या सुनावणीत कोणी भाग घेत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “यादी आहे?” मी वहीची झेरॉक्स त्यांच्या हातात ठेवली.

सरकारशी संवादाच्या दिवशी आम्ही मागच्या रांगेत. तिथे बोलायची मुभा नाही, नुसतं ऐकायचं. सकाळभर शिष्टमंडळाने योजनांची नावं वाचली. (इतकी सुंदर नावं, की एखादी योजना खरंच चालू असावी असं वाटू लागलं.) मग त्या बाईंनी माइक घेतला. समितीच्या हिंसाचाराविषयीच्या 35 व्या सर्वसाधारण शिफारशीत, म्हणजे 2017 सालीच, सुसज्ज निवाऱ्याची अपेक्षा स्पष्ट मांडली आहे, असं म्हणून त्यांनी विचारलं, “परिशिष्टातल्या यादीपैकी आज किती निवारागृहं चालू आहेत?”

समोर कागदांची चाळवाचाळव झाली. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे चिठ्ठी सरकवली. “यादी अद्ययावत करण्याचं काम सुरू आहे,” असं उत्तर आलं. ताईंनी माझा हात घट्ट दाबला. मला मात्र हसू आवरत नव्हतं.

समितीच्या समारोपाच्या निरीक्षणांत निवारागृहांवर एक परिच्छेद आला. शिवाय तो दोन वर्षांत उत्तर द्यायच्या मोजक्या मुद्द्यांमध्ये होता. गोदामाचा उल्लेख अर्थातच नव्हता.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तीच वही उघडून बसले. गोदामवाल्यांनी आवाज ओळखला.

“पुन्हा तुम्हीच का? अहो, तुमच्यानंतर सरकारी ऑफिसातनं पण फोन आला होता. इथे किती खाटा आहेत, विचारत होते.”