तुम्ही विचारलंत म्हणून: मी बॉशची बाजू का घेते

दर वेळी तेच. रामबागेत कुणाकडे चहाला बसलो की बास्केटबॉलचा विषय निघतो, मायामीच्या टीममध्ये लेब्रॉन मोठा की वेड, मी मध्येच त्याच टीमच्या क्रिस बॉशचं नाव घेते आणि सगळे विचारतात, अगं तो तर त्या दोघांच्या मागे तिसरा, तुला त्याचं एवढं काय? एकदा नीट सांगून टाकते.

हो, तिसरा. टोरांटोत शेवटच्या सीझनला मॅचमागे 24 पॉइंट करणारा माणूस 2010 मध्ये मायामीला गेला आणि पहिल्याच वर्षी 18.7 वर आला. लोक म्हणाले उतरला. अरे, बॉल एकच, शॉट मारायला 24 सेकंदच, आणि आधीच दोघं असे की बॉल हातात असल्याशिवाय त्यांचा खेळ सुरूच होत नाही. एवढा उंच माणूस रिंगखालून बाहेर येऊन उभा राहिला की त्याचा डिफेंडर पण बाहेर ओढला जातो आणि लेब्रॉनला आत शिरायला रस्ता मिळतो. हे स्कोअरशीटवर कुठे लिहितात? 2011 ची फायनल डॅलसकडून हरल्यावर वेडनेही लेब्रॉनसाठी बॉल सोडला, मॅचमागे 25.5 चे 22.1 पॉइंट झाले. वेडचा तो त्याग म्हणायचा, आणि बॉश सॉफ्ट, म्हणजे लेचापेचा!

आता माझं. शाळेत सगळ्यात जास्त पॉइंट माझे असायचे. मग मोठ्या टीममध्ये आले, तिथे दोन ताया आधीच स्टार. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तू कॉर्नरला उभी राहा, बॉल आला की ताईला परत दे. मला कुणी विचारलं नाही. मी पण हो म्हटलं, आणि घरी येऊन बाबांना सांगितलं की टीमसाठी करतेय. त्यात अर्धं खरं होतं.

ग्वाल्हेरला फायनल. एका पॉइंटने मागे, आठ-नऊ सेकंद राहिलेले. ताई आत घुसली, तिच्यावर दोघी आल्या, त्यातली एक माझी होती, म्हणजे मला सोडून गेलेली. ताईने बॉल मला दिला. समोर कुणी नाही. शाळेत हाच शॉट मी डोळे मिटून मारला असता. बेंचवरून सर ओरडतायत, मार! मार! आणि माझ्या हातांनी, मी हातांनीच म्हणेन, बॉल परत ताईला दिला. ती दोघींच्या मध्ये अडकलेली, बॉल कुणाच्या तरी पायाला लागून बाहेर गेला. त्यांचा थ्रो, मॅच संपली. बसमध्ये सर म्हणाले, मोकळी होतीस, मारला का नाहीस? पूर्ण सीझन मारू नको सांगणारे तेच सर. ताई काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

2013 ला मायामीच्या फायनलची सहावी मॅच सकाळी टीव्हीवर पाहिली. मायामी तीनने मागे, हुकलेल्या शॉटचा बॉल बॉश पकडतो, कॉर्नरला टीममधल्याच रे ॲलनला देतो, तो लांबून तीन पॉइंटचा शॉट मारतो, 5.2 सेकंद बाकी असताना बरोबरी. मी रडले. कित्येक वर्षं सांगत फिरले की बघा, माझा पास पण असाच होता, फक्त नशीब नव्हतं. नव्हता असा. त्याला तीन पॉइंट हवे होते, रिंगखालून मारून दोनच मिळाले असते. मला एकाने बरोबरी, दोनने जिंकणं, आणि मी मोकळी होते. त्याने हिशेब करून दिला, मी घाबरून दिला. हे मान्य करायला मला फार उशीर लागला.

पण मग घाबरवलं कुणी, हेही विचारा ना. सातव्या मॅचला बॉशने पाच शॉट मारले, एकही गेला नाही, शून्य पॉइंट, तरी त्याने मारले तर खरे.

हल्ली रेसकोर्स रोडच्या कॉम्प्लेक्सला संध्याकाळी मुलींची प्रॅक्टिस बघायला जाते. त्या विचारतात, दीदी, तिघी स्कोअरर असलो तर पहिला शॉट कुणाचा? मी म्हणते, जिचा डिफेंडर सोडून गेला तिचा. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या नंबरच्या मुलीने रोज बॉल सोडला तर ती पहिली राहील का, हे मला अजून सांगता येत नाही.

परवा एकीने त्याच कॉर्नरमधून बॉल परत आत दिला. मी उठून उभी राहिले, ओरडायला तोंड उघडलं, आणि मार म्हणावं की बरं केलंस म्हणावं, ते ठरेपर्यंत खेळ दुसऱ्या टोकाला गेला होता.