मालिकेतल्या बाईचे हात

मराठी मालिकांमधील स्त्रीचित्रणाची चर्चा बहुधा कथानकापाशीच थांबते: सासू खलनायिका आहे का, सून किती सोसते, घटस्फोटित नायिकेला पुन्हा उभे राहू दिले का. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु पडद्यावरची स्त्री कशी दिसणार, याचा मोठा भाग कॅमेरा कुठे ठेवायचा या निर्णयात ठरतो, आणि दैनंदिन मालिकेत तो निर्णय दिग्दर्शकापेक्षा वेळापत्रकच अधिक घेते, असे मला वाटते.

आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे म्हणजे युनिटला दिवसाकाठी जवळजवळ एका भागाचा मजकूर चित्रित करावा लागतो. मग दिवाणखान्याची प्रकाशयोजना एकदाच केली जाते, घरातली सगळी माणसे अर्धवर्तुळात उभी राहतात, आणि संवाद झाल्यावर प्रत्येकाचे क्लोजअप सलग उरकले जातात. एखादी अभिनेत्री त्या दिवशी नसेल तर तिचा चेहरा नंतर वेगळा घेऊन जोडता येतो. या पद्धतीत चेहऱ्यावाचून अडते, हातांवाचून अडत नाही. बाई बांगडे साफ करताना बोलते आहे असे दाखवायचे, तर प्रत्येक शॉटमध्ये ताटलीतले मासे आणि विळीची जागा जुळली पाहिजे. ही कंटिन्युइटी सांभाळायला लागणारा वेळ कोणाकडेच नसतो. म्हणून काम वगळले जाते आणि उरते ती ऐकणारी, दचकणारी, डोळ्यांत पाणी आणणारी स्त्री. 2000 साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाल्यानंतरच्या काळात एकाच चेहऱ्यावर तीन-तीनदा झेपावणारा कॅमेरा हिंदीत रूढ झाला, आणि मराठीनेही तो फारशी कुरकुर न करता उचलला.

वेंगुर्ल्याला आमची काकी रात्रीचे जेवण आटोपून मालिका बघायला बसते. नटूनथटून उभ्या असलेल्या चार सुना पाहून ती एकदा म्हणाली, “ह्येंच्या घरातली भांडी कोण घासता गो?” पावसाळ्यात तरवा (भाताची रोपे) काढणाऱ्या, लावणी लावणाऱ्या आणि पहाटे मासळीच्या लिलावाला उभ्या राहणाऱ्या बायका जिने आयुष्यभर पाहिल्या, तिला पडद्यावरचे हे रिकामे हात खटकणारच.

साप्ताहिक मालिकांच्या काळात हे चित्र निराळे होते. बासू चटर्जींच्या ‘रजनी’ या हिंदी मालिकेमध्ये (1985) प्रिया तेंडुलकर घराबाहेर पडून व्यवस्थेला जाब विचारत असे, आणि ‘उडान’मध्ये (1989) कविता चौधरी यांनी लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका या तिन्ही जबाबदाऱ्या सांभाळून पोलीस अधिकारी होणारी मुलगी उभी केली.

कोकणापुरते बोलायचे तर ‘रात्रीस खेळ चाले’चा विचार टाळता येत नाही. 2016 मध्ये सुरू झालेली, राजू सावंत यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील खऱ्या वाड्यात चित्रित झाली. खऱ्या घराला खरे उंबरठे असतात. माजघरातून पडवीत यायचे तर माणसाला वाकून, चालत यावे लागते, आणि त्या चालण्यातून त्याचा घरातला दर्जा कळतो. शकुंतला नरे यांची माई मला म्हणूनच खरी वाटली. नवऱ्याची, म्हणजे अण्णांची, दहशत तिच्या बोलण्याइतकीच तिच्या वावरण्यातून जाणवते. दुसऱ्या पर्वात, 2019 मध्ये, अण्णांच्या आयुष्यातली दुसरी बाई म्हणून अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता आली आणि अफाट लोकप्रिय झाली. तिचा अभिनय दमदार होता, पण कॅमेरा तिच्याकडे बहुतेक वेळा अण्णांच्याच डोळ्यांनी पाहत राहिला. एकाच मालिकेत, एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली पत्नीला घर मिळाले आणि दुसऱ्या बाईला फक्त नजर मिळाली. माझ्या मते माईची दृश्ये दिग्दर्शन म्हणून सरस आहेत, जरी लोकांच्या तोंडी शेवंताचे नाव जास्त असले.

इथल्या प्रेक्षकाची नजर या बाबतीत कच्ची नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. दशावतारात स्त्रीपार्टी करणारा पुरुष पदर कसा सावरतो आणि बाकड्यावर कसा बसतो, याची पारख जत्रेत रात्रभर बसणाऱ्या बायका निर्दयपणे करतात. तिथे क्लोजअप नाही. संपूर्ण देहाने स्त्री उभी करावी लागते, आणि चूक झाली तर ती शेवटच्या रांगेपर्यंत दिसते.

‘आई कुठे काय करते’ (2019 ते 2024) या मालिकेने बंगाली ‘श्रीमोयी’वरून घेतलेली गोष्ट मराठी घरात रुजवली. मधुराणी प्रभुलकर यांच्या अरुंधतीला घटस्फोटानंतर स्वतःचे आयुष्य मिळाले, आणि त्या मालिकेच्या लेखनात नमिता वर्तक व मुग्धा गोडबोले या दोन स्त्रियांचा मोठा वाटा होता. मराठी मालिकांच्या लेखनात स्त्रिया आज ठळकपणे दिसतात. दिग्दर्शकाच्या खुर्चीत मात्र त्या अजून विरळाच आहेत. त्यामुळे अरुंधतीसारखी नायिका काय बोलणार हे एखादी लेखिका ठरवते, पण ते बोलताना ती कणीक मळत असेल की दिवाणखान्याच्या मधोमध हात सोडून उभी असेल, हे सेटवर, पुढच्या दृश्याची घाई असताना, बहुधा एखादा पुरुषच ठरवतो.